ओवाळणी नको, हक्क हवा

निवडणुकीच्या मोसमात दिल्या जाणाऱ्या आश्वासनांची पारख करण्याची एक साधी रीत आहे. रक्कम किती, हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. ही रक्कम कोणत्या कायद्याने बांधलेली आहे, महागाई वाढेल तशी ती वाढणार आहे काय, आणि तिच्यासाठी लागणारा पैसा कोणत्या वर्गाकडून घेतला जाणार आहे, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. या तिन्हींची उत्तरे ज्या आश्वासनात नाहीत, ते आश्वासन म्हणजे भाऊबिजेच्या ताटात टाकलेली ओवाळणी होय. ओवाळणी भावाच्या मर्जीवर असते. पुढल्या वर्षी ती कमी झाली, तर बहिणीला दाद मागायला जागा नसते.

महाराष्ट्राच्या २०२४ च्या विधानसभा निवडणुकीला ही कसोटी लावून पाहू. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेतून दरमहा १,५०० रुपये त्या वर्षीच्या जुलैपासून देऊ केले गेले. नोव्हेंबरमध्ये मतदान होते. प्रचारात महायुतीने ही रक्कम २,१०० रुपये करण्याचे वचन दिले, तर महाविकास आघाडीने ३,००० रुपयांचा आकडा पुढे केला. वृद्धांना मिळणारे निवृत्तिवेतन १,५०० वरून २,१०० रुपये करू, असेही एक वचन महायुतीच्या त्याच यादीत होते. बहिणींच्या वचनाचा गाजावाजा झाला. वृद्धांच्या वचनाची ना फार चर्चा झाली, ना पुढे त्याची कोणी आठवण काढली. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात या दोहोंपैकी एकही वाढ आली नाही.

स्त्रियांच्या हाती पैसा जाऊ नये, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत आपण बसता कामा नये. जी स्त्री जन्मभर विनावेतन राबते, तिच्या नावावर महिन्याकाठी १,५०० रुपये जमा होणे ही क्षुद्र गोष्ट नव्हे. आक्षेप आहे तो योजनेच्या घडणीवर. ही योजना २१ ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांसाठी आहे आणि तिला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. आता पासष्टी ओलांडलेल्या भूमिहीन मजूर स्त्रीचा विचार करा. हातपाय थकले, मजुरी सुटली, नेमक्या त्याच वेळी ती या योजनेतून बाहेर पडते. पुढे तिच्यासाठी श्रावणबाळ योजना आहे. पण तेथे तिने दारिद्र्यरेषेच्या यादीत असले पाहिजे, किंवा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत असल्याचा दाखला आणला पाहिजे. वर्षाला २१ हजार म्हणजे साऱ्या कुटुंबाचे दिवसाचे ५८ रुपयेही नव्हेत. कमावत्या वयात ज्या शासनाने तिला अडीच लाखांची मर्यादा लावली, तेच शासन म्हातारपणी तिला २१ हजारांची लावते. गरज वाढते तेव्हा दार अरुंद होते. म्हातारपणाचा विचार करून आखलेल्या धोरणात असे घडणे शक्य नव्हते.

केंद्र सरकारची कहाणी याहून खेदजनक आहे. १९९५ साली राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन सुरू झाले, तेव्हा केंद्राचा वाटा दरमहा ७५ रुपये होता. २००७ मध्ये योजनेला इंदिरा गांधींचे नाव देऊन तिचा विस्तार झाला, तेव्हा तो २०० रुपये होता. २०११ मध्ये वयाची अट साठीपर्यंत खाली आली आणि ऐंशी वर्षांवरील वृद्धांसाठी ५०० रुपये ठरले. परंतु ६० ते ७९ वयोगटासाठी २००७ चे २०० रुपये २०२५ सालीही २०० रुपयेच होते. दरम्यानच्या काळात किमती तिपटीच्या घरात गेल्या. म्हणजे आजच्या त्या दोनशेत २००७ च्या सत्तर रुपयांचेही बळ उरलेले नाही. रक्कम कमी केल्याचे कोणत्याही सरकारने जाहीर केले नाही. कोणी तसा ठराव मांडला नाही, कोणी विरोधात मतदानही केले नाही. निर्देशांकाशी न बांधलेले निवृत्तिवेतन असेच गुपचूप कापले जाते.

कारखान्यांतून, सूतगिरण्यांतून, सहकारी संस्थांतून आणि एस. टी. महामंडळातून निवृत्त झालेल्या कामगारांचीही हीच अवस्था आहे. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत मालकाच्या वर्गणीतून वेतनाच्या ८.३३ टक्के रक्कम कामगाराच्या नावे जात राहिली. तीस-तीस वर्षे यंत्रापाशी उभ्या राहिलेल्या माणसाला किमान निवृत्तिवेतन किती? सप्टेंबर २०१४ पासून दरमहा १,००० रुपये. ते किमान ३,००० रुपये असावे, अशी शिफारस राज्यसभेच्या याचिका समितीने २०१३ मध्येच केली होती. त्या समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी. पुढे त्यांचा पक्ष केंद्रात सत्तेवर आला, ते स्वतः महाराष्ट्राचे राज्यपाल झाले आणि पायउतारही झाले. शिफारस मात्र होती तेथेच राहिली. विरोधी बाकावरून मागितलेले सत्तेच्या बाकावर जाताच विसरले जाते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

आता सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रश्नाकडे वळू. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या नेमणुकांना जुने निवृत्तिवेतन बंद केले. निवृत्तीनंतरची मिळकत बाजारातील गुंतवणुकीच्या चढउतारावर सोपवण्यात आली. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यातील लाखो कर्मचारी आणि शिक्षक सात दिवस संपावर गेले. राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब, हिमाचल प्रदेश या राज्यांनी २०२२-२३ मध्ये जुनी योजना परत आणण्याचे निर्णय घेतले, ते या असंतोषाच्या दडपणामुळेच. अखेर ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राला एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर करावी लागली. २५ वर्षे सेवा झालेल्यास शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के आणि महागाईनुसार वाढ, हे तत्त्व तीत मान्य झाले. कर्मचाऱ्याची वर्गणी मात्र कायम राहिली. मागणी पुरी झाली नाही, परंतु ‘हमी देणे अशक्य’ हा वीस वर्षे सांगितलेला सिद्धान्त संघटित शक्तीपुढे टिकला नाही, ही गोष्ट लहान नव्हे.

यावर अर्थपंडितांचे उत्तर ठरलेले आहे : तिजोरीला हे झेपणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियतकालिकात सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या एका अभ्यासात, सर्व राज्ये जुन्या योजनेकडे वळली तर दीर्घकाळात त्यांच्यावरील एकत्रित भार नव्या योजनेच्या साडेचार पटींपर्यंत जाऊ शकतो, असे अनुमान मांडले होते. हा आकडा हसण्यावारी नेणे आपल्याला शोभणार नाही. खर्च खरा आहे आणि तो आजच्या मुलांच्या पिढीवर पडणार आहे. महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५ हजार कोटींच्या वर दाखवली होती आणि कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढे. म्हणून ‘पैसा कोठून’ हा प्रश्न आपण टाळू नये. उलट तो आपणच, इतरांहून मोठ्या आवाजात विचारला पाहिजे. कारण त्याचे खरे उत्तर ऐकण्याची तयारी सत्ताधारी वर्गाची नाही.

ते उत्तर तीन सालांत सामावलेले आहे. १९८५ मध्ये मृत्यूनंतरच्या संपत्तीवरील कर रद्द झाला. २०१५ मध्ये संपत्ती कर रद्द झाला आणि त्याऐवजी बड्या उत्पन्नांवर अधिभार वाढवला गेला. अधिभाराचा एक पैसाही केंद्राला राज्यांशी वाटून घ्यावा लागत नाही, हे येथे लक्षात ठेवावे. २० सप्टेंबर २०१९ रोजी पणजी येथे केंद्रीय अर्थमंत्र्यांनी कंपन्यांवरील कराचा मूळ दर सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी ३० वरून २२ टक्क्यांवर आणि नव्या कारखान्यांसाठी १५ टक्क्यांवर आणला. यात वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचा महसूल सोडावा लागेल, असे सरकारनेच सांगितले होते. विभाज्य करांतील राज्यांचा वाटा त्यावेळी सुमारे चार-दशांश होता. म्हणजे ही सवलत केवळ दिल्लीच्या तिजोरीतून गेली नाही, मुंबईच्याही तिजोरीतून गेली. २०१७ च्या वस्तू व सेवा करानंतर राज्यांचे स्वतःचे करअधिकार आधीच आखडले होते. त्या एका सकाळच्या निर्णयासाठी कोणी ‘तिजोरीला झेपेल काय’ असे विचारले नाही, समिती नेमली नाही, लाभार्थींकडून उत्पन्नाचा दाखला मागितला नाही. २०१६ मध्ये माजी आमदारांचे किमान निवृत्तिवेतन ५० हजार रुपये झाले, तेव्हाही विधिमंडळाला तिजोरीची चिंता भेडसावली नव्हती.

पैसा आणि हक्क यांची सांगड घालता येते, हे महाराष्ट्राला बाहेरून शिकण्याची गरज नाही. दुष्काळाच्या दाहातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेसाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला गेला. शहरातील पगारदार आणि व्यावसायिक यांनी तो भरायचा, शासनाने तितकीच भर घालायची आणि त्यातून खेड्यातील मजुराला काम द्यायचे, अशी ती व्यवस्था होती. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. वि. स. पागे यांच्या नावाशी जोडलेल्या या योजनेत हक्काला कायदा होता आणि कायद्याला कर होता. म्हणूनच ती सरकारे बदलूनही टिकली. त्याच कराची आजची गत पाहा. घटनेच्या २७६ व्या कलमाने त्याची कमाल मर्यादा १९८८ पासून वर्षाला २,५०० रुपयांवर गोठलेली आहे. महिना दहा हजारांहून थोडे अधिक मिळवणारा शिपाई आणि महिना दहा लाख मिळवणारा अधिकारी हे दोघेही वर्षाला तेवढेच भरतात. ही मर्यादा उठवून मोठ्या उत्पन्नांवर चढता दर लावा, ही मागणी एकाही मोठ्या पक्षाच्या जाहीरनाम्याचा मथळा का होत नाही?

दुसरा दाखला माथाडींचा आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने ज्यांना कायमचा मालक नाही, अशा हमालांसाठी मंडळे स्थापन केली. व्यापाऱ्यांकडून मजुरीवर लेव्ही घेऊन त्यांच्यासाठी भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान उभे केले. विखुरलेल्या श्रमिकांना निवृत्तीचा लाभ देता येत नाही, हे म्हणणे पाठीवर पोती वाहणाऱ्यांनी अर्धशतकापूर्वी खोटे पाडले. साखर कारखान्यांकडून ऊसतोड मजुरासाठी आणि बिल्डरांकडून बांधकाम मजुरासाठी असाच निधी म्हातारपणासाठी उभा राहू शकतो. याउलट केंद्राची २०१९ ची श्रमयोगी मानधन योजना पाहा. तीत मजुरानेच दरमहा वर्गणी भरायची आणि चाळिशीनंतर प्रवेशच नाही. ज्याच्या कोयत्याची धार वीस वर्षे कारखान्याच्या कामी आली, त्या पंचेचाळिशीच्या तोडकऱ्याला ती योजना दार बंद करते आणि कारखान्याला तर दारापाशीही बोलावत नाही.

येथे आपल्याच चळवळीशी थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. श्रम करणाऱ्या दहांपैकी नऊ जण असंघटित क्षेत्रात आहेत. संघटित कर्मचाऱ्याने आपल्या निवृत्तिवेतनासाठी लढावे, तो त्याचा अधिकारच आहे. परंतु त्या मोर्च्यात घरकामगार, शेतमजूर, रिक्षाचालक यांची मागणी नसेल, तर सरकारला फोडाफोडी करणे सोपे जाते. कर्मचाऱ्याला सांगायचे की तुझे पैसे बहिणींना गेले आणि बहिणीला सांगायचे की तुझे पैसे बाबू लोक खातात. हा खेळ आज उघड चालू आहे. त्यात दोघेही हरतात आणि करमाफी मिळालेला तिसरा प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवतो. २०१२ मध्ये बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या पेन्शन परिषदेने किमान वेतनाच्या निम्मे, महागाईशी जोडलेले निवृत्तिवेतन सर्व श्रमिकांना द्यावे, अशी मागणी केली होती. कर्मचारी संघटनांनी आपल्या मागणीपत्रात ती पहिल्या क्रमांकावर घेतली, तर लढ्याचे स्वरूपच पालटेल.

निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीने मिळणारी बक्षिसी नव्हे, तो केलेल्या श्रमाच्या मोबदल्यातून आलेला हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नकारा खटल्यात सांगितले. त्या निर्णयात घटनेच्या सरनाम्यातील ‘समाजवादी’ या शब्दाचा आधार घेतलेला होता. तो हक्क तेव्हा सरकारी सेवकांपुरता बोलला गेला. तो राबणाऱ्या प्रत्येकापर्यंत नेणे, हे राजकारणाचे काम आहे.

येत्या प्रत्येक निवडणुकीत कार्यकर्त्यांनी वस्त्यांत जाऊन आकड्यांच्या लिलावात भाग घेऊ नये. २,१०० की ३,००० या बोलीत आपण चौथी बोली लावली, तर आपण काही वेगळे सांगितले असे होत नाही. उमेदवार कोणत्याही पक्षाचा असो, मित्रपक्षाचाही असो, त्याला सभेत उभे राहून विचारावे : साठी ओलांडलेल्या प्रत्येक श्रमिकाच्या निवृत्तिवेतनाचा कायदा करणार काय? ती रक्कम निर्देशांकाला बांधणार काय? २१ हजारांची अट काढणार काय? आणि यासाठी संपत्तीवर व मोठ्या उत्पन्नावर कर बसवण्याच्या बाजूने मत देणार काय? जो पहिल्या तीन प्रश्नांना ‘होय’ म्हणेल आणि चौथ्याला गप्प बसेल, त्याचे पहिले तीन ‘होय’ मोजू नयेत.