अंगणात डिफरन्शियल बदलावा काय?

सीमाभागातील एका गावाहून एका माउलीचे पत्र आम्हांस आले आहे. घरी एक जुनी अँबॅसडर मोटार आहे; यजमान हयात असताना घेतलेली. थोरला मुलगा तीवर भाडी करतो. लग्नसराईत तीवर चार पैसे सुटतात आणि एरवी वाडीतील आजाऱ्याला रात्री-अपरात्री दवाखान्यात पोहोचविण्यास तीच उपयोगी पडते. महिनाभरापासून गाडीच्या मागून आवाज येऊ लागला. गॅरेजवाल्याने “डिफरन्शियल गेला” असे सांगून जो आकडा उच्चारला, तो ऐकून बाईंच्या पायांखालची जमीन सरकली. मुलगा म्हणतो, जुन्या बाजारातून दुसरा आणतो आणि घरच्या अंगणात धाकट्याला हाताशी घेऊन मीच बसवितो. “फादर, मी होय म्हणू की नको?” एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

प्रश्न लहान असला तरी उत्तर एका शब्दात देण्याजोगे नाही. बाईंनी होय म्हणावे असेच आमचे मत आहे. परंतु त्या होकाराला काही अटी आहेत, आणि त्यांतील एक अट अशी आहे की ती पाळली जाणार नसेल तर गाडी भंगारात गेलेली परवडली.

प्रथम ही वस्तू आहे तरी काय? बैलगाडीची दोन्ही चाके आसावर सुटी फिरतात. गाडी वळताना बाहेरचे चाक अधिक वाट चालते, आतले कमी; ज्याची त्याची चाल वेगळी असल्याने काही बिघडत नाही. मोटारीचे तसे नाही. तेथे इंजिनाचे बळ चाकांनाच द्यावयाचे असते. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जखडली, तर वळणावर एकाला फरफटत जावे लागेल. अँबॅसडरच्या मागच्या दोन चाकांत सुमारे साडेचार फुटांचे अंतर असते. गाडी पूर्ण उलट दिशेस वळविली की बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे चौदा फूट जास्त चालते, म्हणजे जवळजवळ दोन फेरे अधिक. गंमत अशी की वळण लहान घ्या की मोठे, हा फरक तेवढाच राहतो. तो फरक पोटात घालून दोन्ही चाकांना सारखेच बळ पोहोचविणारी दातेरी चाकांची जुळणी म्हणजे डिफरन्शियल. ओनेसिफोर पेकर नावाच्या एका फ्रेंच घड्याळजीने १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी तिचे पेटंट घेतले. पेट्रोलची मोटार तेव्हा जन्मालाही आलेली नव्हती.

आता आवाजाकडे वळू. मागून आवाज आला म्हणजे डिफरन्शियलच गेला, असे धरून चालणे हे या कामातील सर्वांत महाग अज्ञान आहे. मुलाने सपाट रस्त्यावर गाडी नेऊन कान द्यावा. ॲक्सिलरेटर दाबताच आवाज चढत असेल आणि पाय काढताच उतरत किंवा बदलत असेल, तर संशय डिफरन्शियलवर घ्यावा. पाय कसाही ठेवला तरी आवाज तोच राहतो, पण गाडी डावीकडे-उजवीकडे झुकविली की कमी-जास्त होतो, तेव्हा बहुधा चाकाचे बेअरिंग गेलेले असते. ते काम पुष्कळच स्वस्त आहे. डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर जाताच सूर पालटला, तर टायर पाहावेत. गाडी हलताना ‘खट्’ असा एकच ठोका येत असेल, तर आधी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हाताने हलवून पाहावेत. आणि आवाजाऐवजी नुसती तेलगळतीच असेल, तर आसाच्या नळीवर हवा जाण्यायेण्याचे जे छोटे भोक असते, ते चिखलाने बुजले आहे काय हे पाहावे. ते बुजले की आत तापलेली हवा तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. आमच्या भागातील तांबड्या चिखलात हे नेहमी घडते, आणि एका तारेच्या तुकड्याने ते बरे होते.

शेवटची परीक्षा तेलाची. खालची डाट काढून जुने तेल स्वच्छ परातीत घ्यावे. तळाशी मऊ करडा गाळ असणे वयोमानाप्रमाणे आहे. पण टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा मिळाला, तर गॅरेजवाल्याने खरेच सांगितले असे समजावे. त्याने मागितलेली रक्कम जास्त वाटली म्हणून तो लबाड ठरत नाही, हेही येथे सांगून ठेवतो.

अँबॅसडर १९५७-५८ च्या सुमारास मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्रजी गाडीवरून पश्चिम बंगालमधील उत्तरपाड्यास बनू लागली आणि २०१४ साली बंद पडली. तेव्हापासून तिच्या सुट्या भागांसाठी मुख्यतः जुन्या बाजाराचा आश्रय करावा लागतो. मात्र तिची एक सोय अशी आहे की डिफरन्शियलची सारी जुळणी मागच्या आसाच्या पोटातून, पुढच्या बाजूने, अखंड बाहेर निघते. म्हणूनच अंगणातील कामाला आम्ही होकार देतो. जुन्या जीपची गोष्ट वेगळी. तिच्यात ही जुळणी आसाच्या खोबणीतच बसवून तेथेच मापावी लागते. जीपवाल्यांनी या लेखाच्या भरवशावर पान्हा हाती घेऊ नये. हल्लीच्या बहुतेक लहान गाड्यांत तर ती पुढे, गिअरबॉक्सच्याच पोटात असते.

आता ती अट. हे काम करताना माणूस गाडीखाली आडवा असतो, आणि डोक्यावर टनभर लोखंड असते. जॅक हा उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. त्याचे तेल सुटते, त्याची बैठक कलते, आणि त्याची सूचना तो आधी देत नाही. म्हणून गाडी उचलताच आसाच्या नळीखाली, दोन्ही बाजूंस, लोखंडी घोड्या लावाव्यात आणि गाडीचा भार पूर्णपणे त्यांच्यावर उतरवावा. घोड्या नसतील तर भाड्याने आणाव्यात, मागून आणाव्यात. पण विटा, पोकळ सिमेंटचे ठोकळे किंवा जांभ्याचे चिरे रचून त्यावर गाडी ठेवू नये. चिरा भिंतीत शंभर वर्षे टिकतो हे खरे; पण भिंतीत त्याच्यावरचा भार सगळीकडे पसरलेला असतो. लोखंडाची एक कड टेकली की तोच चिरा दुभंगतो.

जमीनही पाहावी. शेणाने सारवलेल्या अंगणात घोडीचा पाय रुततो. खाली जाड फळी घालावी, आणि पावसाळ्यात हे काम काढूच नये. उतारावर तर नाहीच नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जी पुष्कळ जाणत्यांच्याही ध्यानात येत नाही. या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. मागची चाकेच उचलली, तर हँडब्रेकचा उपयोग काय? कोणी म्हणेल, गाडी गिअरमध्ये ठेवू. पण प्रोपेलर शाफ्ट सोडविला की इंजिन आणि चाके यांचा संबंधच तुटतो. मग गिअरही कुचकामी. अशा वेळी गाडीला जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या उरतात त्या फक्त पुढच्या चाकांच्या मागे-पुढे ठोकलेल्या लाकडी पाचरी. त्या चार पाचरी नीट बसविल्याखेरीज जॅकला हात लावू नये. गाडी घोड्यांवर आली की बाहेर उभे राहून तिला दोघांनी जोराने ढकलून पाहावे. पडायचीच असेल, तर ती तेव्हा पडू दे. बाईंनी एवढे मात्र करावे: हे ढकलून पाहणे आपल्या डोळ्यांसमोर होऊ द्यावे, मगच मुलाला खाली जाऊ द्यावे. एकट्याने काम करावयाचे नाही आणि लहान मुलांना अंगणात फिरकू द्यावयाचे नाही.

उरलेल्या कामाला बळापेक्षा शिस्त अधिक लागते. चाके व ड्रम काढावेत. आतली धूळ तोंडाने फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी, कारण जुन्या ब्रेक-लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि ते फुप्फुसाला घातक आहे. दोन्ही बाजूंचे एक्सल बाहेर ओढून घ्यावेत. प्रोपेलर शाफ्ट सोडण्यापूर्वी त्याच्या व पिनियनच्या तबकड्यांवर छिन्नीने एकेक खूण करावी आणि जोडताना खुणेस खूण लावावी. मग कडेचे नट काढून गोळा पुढे ओढावा. तो एका माणसाच्या पेलण्याबाहेरचा असतो. छातीवर घेण्याचा पराक्रम न करता खाली जॅक व फळी देऊन दोघांनी उतरवावा. जुने कागदी गॅस्केट फाटले तरी फेकू नये, त्याच्यावरून नवे कापता येते. बसविताना नट समोरासमोरचे आणि थोडे थोडे आवळावेत.

तेलाविषयी दोन शब्द. या गाडीत पिनियन क्राऊनच्या मध्याखाली बसविलेले असते. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते दाबले जात नाहीत, तर घासतही जातात. त्यांना हायपॉइड गिअरचे नव्वद नंबरी तेलच हवे. इंजिनाचे उरलेले तेल ओतणे म्हणजे आणलेला भाग पुन्हा भंगारात घालणे होय. ते वरच्या भोकाच्या काठाला लागेपर्यंत भरावे. आणि तेल भरेपर्यंत स्टिअरिंगला ‘तेल नाही’ अशी चिठ्ठी बांधून ठेवावी. घरातला दुसरा कोणी किल्ली फिरवून गाडी हलवील, आणि दोन दिवसांची मेहनत फाटकापर्यंतही टिकणार नाही. काढलेले तेल विहिरीच्या आसपास ओतू नये. डब्यात भरून गॅरेजमध्ये द्यावे.

होकाराची हद्द कोठे संपते तेही सांगतो. अखंड गोळा काढून अखंड गोळा बसविणे, येथपर्यंत अंगण. गोळा उघडून त्यातील क्राऊन आणि पिनियन बदलणे हे अंगणाबाहेरचे काम. ही दोन चाके कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात. एका जोडीतले एक दुसऱ्या जोडीत चालत नाही. त्यांच्यातील मोकळीक लहान मोटारींत बहुधा इंचाच्या पाच ते आठ हजारांश इतकीच, म्हणजे वहीच्या दीड-दोन पानांच्या जाडीएवढी ठेवावी लागते. ती डायल गेजने मोजून, पातळ चकत्या घालून साधतात. बेळगावच्या उद्यमबागेसारख्या ठिकाणी यंत्रकामाचा मुरलेला हात मिळतो. तसे काम निघालेच, तर गोळा पोत्यात घालून तेथे न्यावा आणि होईल ती मजुरी द्यावी. येथे वाचविलेला रुपया आवाजाच्या रूपाने परत येतो.

जुन्या बाजारात गोळा घेताना तो हाताने फिरवून पाहावा. दात कोठे टवके गेलेले, निळसर तापलेले किंवा एकाच कडेला झिजलेले असतील, तर विक्रेत्याच्या गोड बोलण्याकडे लक्ष देऊ नये. दात मोजून घ्यावेत. पिनियनचे आठ आणि क्राऊनचे एकोणचाळीस असतील तर प्रमाण ४.८७५ पडते, नऊ आणि एक्केचाळीस असतील तर सुमारे ४.५५. प्रमाण बदलले तर गाडी चालेल, पण चढावरची ओढ बदलेल आणि वेगाचा काटा खोटे बोलू लागेल.

आपल्या गाडीचे प्रमाण गोळा न उघडताही कळते. पुढच्या पाचरी लावून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक सोडून, मागचे एकच चाक घोडीवर उचलावे. दुसरे जमिनीवर राहू द्यावे. प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ ओढावी. उचललेले चाक हाताने वीस फेरे फिरवावे आणि धाकट्याने बाजूने वाकून शाफ्टचे फेरे मोजावेत. पावणेएकोणपन्नास भरले तर पहिले प्रमाण, साडेपंचेचाळीस भरले तर दुसरे. बाईंच्या पत्रात हा आकडा नाही. मुलाने तो मोजून आम्हांस कळवावा. तोवर जुन्या बाजारात कोणाच्या हाती इसारा ठेवू नये. आणि रविवारी सकाळी गाडी कोणाला देण्याचे कबूल केले असेल, तर शनिवारी दुपारी काम काढू नये.