पिन बसली म्हणजे झालं?

माझी शाळा कॉन्व्हेंट. त्यामुळे मराठी विभागात माझं नाव बघून आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या जणांना हसू येणार, हे माहीत आहे. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावं. पण विषय आजीचा आहे, आणि आजी इंग्रजी विभाग वाचत नाही, म्हणून मराठीत.

माझा काका न्यू जर्सीला असतो. तो येतो तेव्हा, किंवा येणं जमलं नाही तर कुणाबरोबर तरी, बॅगभर वस्तू येतात. गेल्या दिवाळीत आजीच्या गुडघ्यांसाठी हीटिंग पॅड आलं. मऊ, निळं, एकदम झकास! फक्त वायरला दोन चपट्या पिना, आपल्या सॉकेटमध्ये बसेनात. मी इलेक्ट्रिकलची, थर्ड इयर. घरात फ्यूज उडाला तरी मलाच हाक. ऐटीत कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि अ‍ॅडॉप्टर आणला. "फॉरेनचं काहीपण चालतं मॅडम," दुकानदार म्हणाला. पिन बसली, लाल दिवा लागला, आजीने पॅड पायाला गुंडाळलं.

बटण "लो"वर होतं. थोड्या वेळाने आजी म्हणाली, "चांगलं तापतंय गं. अमेरिकेचं ते अमेरिकेचं." मग जळका वास आला. मी धावत जाऊन बटण बंद केलं तोवर तिच्या नडगीवर दोन फोड आले होते.

तेव्हा कुठे मी लेबलवरची बारीक अक्षरं वाचली. १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, ५० वॉट. आपल्याकडे २३० व्होल्ट. पॅड म्हणजे नुसता रेझिस्टन्स, आणि पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट नाही, जवळजवळ पावणेचार पट! ५० वॉटचं पॅड १८४ वॉटने तापत होतं. हे गणित मी बारावीत सोडवलंय, त्याचे मार्कही मिळालेत. बरं, एमसीबी पडायला नको? नाही पडली. करंट होता जेमतेम ०.८ अँपिअर, म्हणजे दोन पंख्यांपेक्षा थोडा जास्त. एमसीबी भिंतीतली वायर वाचवते. आजीचा पाय वाचवणं हे तिचं कामच नाही.

दुकानदाराला दोष देऊन मी मोकळी होऊ शकते. अ‍ॅडॉप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही, हे त्याने सांगायला हवं होतं, खरंय. पण तो इंजिनीअर नाही. आपण म्हणे होणार आहोत! मशीन्स लॅबमध्ये प्रत्येक जर्नलच्या पहिल्या पानावर "नेमप्लेट डिटेल्स" असतात. खरं सांगा, ते मशीनवरून किती जण उतरवतात आणि सीनिअरच्या जर्नलवरून किती? मी कुठून उतरवले ते सांगत नाही. मला वाटतं, ओरल्सला एक्स्टर्नलने थिअरी राहू द्यावी. टेबलावर एक मिक्सर, एक चार्जर ठेवावा आणि विचारावं, "हे कुठे चालेल? कुठे जळेल?" निम्मी बॅच उडेल, माझ्यासकट.

कुणी म्हणेल, स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्यायचा की! पॅडला चाललाही असता. पण तो व्होल्टेज कमी करतो, फ्रिक्वेन्सी ५० ची ५०च राहते. भिंतीवरच्या विजेवर चालणारं तिकडचं जुनं घड्याळ इथे तासाला १० मिनिटं मागे पडतं. लोखंडी ट्रान्सफॉर्मरवाला मायक्रोवेव्ह तर त्याहून वाईट. ४.४४ च्या फॉर्म्युल्यात फ्रिक्वेन्सी कमी झाली की फ्लक्स २० टक्के वाढतो, कोअर सॅच्युरेट होतो आणि आतल्या आत तापत राहतो. आणि दीड हजार वॉटच्या हेअर ड्रायरला लागणारा ट्रान्सफॉर्मर उचलायलाच दोन हात लागतील! म्हणून माझं सरळ मत आहे: जे तापतं किंवा फिरतं, ते तिकडून आणूच नये. मोबाइल-लॅपटॉपच्या चार्जरवर बहुतेक वेळा १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं लिहिलेलं असतं, ते खुशाल आणा. तरी वाचून.

एमएसला जाणाऱ्यांनी हे उलटंही लक्षात ठेवावं. आईने प्रेमाने दिलेला इथला मिक्सर तिकडे अर्ध्या व्होल्टेजवर नुसता घुरघुरतो, चटणी काही वाटत नाही. कुकर न्या, त्याला प्लगच नाही.

जगभर एकच व्होल्टेज का नाही? एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्कला ११० व्होल्टवर सुरुवात केली. बर्लिनच्या वीज कंपनीने १८९९ मध्ये २२० धरलं, कारण त्याच वायरमधून तेवढीच पॉवर नेताना करंट निम्मा आणि लॉस पाव होतो. आपण दुसऱ्या रांगेतले. आता कोण कुणासाठी बदलणार?

त्या रविवारी काकाचा फोन आला. आजी म्हणाली, "हो रे, छान आहे. रोज शेकते." पॅड तेव्हा माळ्यावर होतं आणि नडगीला मलम. काका खूश. "शेजारच्या काकूंसाठी पण एक पाठवू का?" असं त्याने विचारलं, तेव्हा मात्र मी फोन हातात घेतला आणि काय झालं ते सगळं सांगून टाकलं. माझ्या अ‍ॅडॉप्टरसकट.

आजी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.