साखर कुणी शोधली?



मागच्या सत्रात सहावीच्या वर्गात मी 'साखर' हा शब्द शिकवीत होते. संस्कृतात 'शर्करा' म्हणजे मुळात खडा, वाळूचा कण. तिची प्राकृतात 'सक्कर' झाली, आपली 'साखर' झाली, अरबांच्या तोंडी 'सुक्कर' आणि तेथून फ्रेंचांची 'स्युक्र'. 'खांड' हा आपला दुसरा शब्दही असाच फिरत फिरत फ्रेंचांचा 'कांदी' होऊन बसला. फळ्यावर हे सारे लिहून मी वळले, तर एका मुलीने हात वर केला. "मिस, मग साखर कुणी शोधली? नाव आणि साल सांगा, मी लिहून घेते."

नाव आणि साल! मुलीचा दोष नाही. आम्हीच त्यांना तसे शिकवले आहे. भिंतीवर तक्ता टांगायचा: एका बाजूला शोध, दुसऱ्या बाजूला शोधकाचे नाव, पुढे वर्ष. परीक्षेत जोड्या लावा. प्रशिक्षण घेताना असा तक्ता मीसुद्धा सुंदर अक्षरात केला होता आणि शाबासकी मिळवली होती. आज मला वाटते की त्या तक्त्याने मुलांच्या मनात एक खोटी समजूत घातली. ती अशी की विज्ञान म्हणजे दूरदेशीच्या मोठ्या माणसांना एकेकट्याने सुचलेल्या गोष्टी, आणि आपल्यासारख्या ऊसकापणाऱ्यांच्या घरांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

साखरेचेच पाहा. उसाच्या रसाचे दाणे करण्याची कला भारतात फार जुनी. इ.स. ६४७ मध्ये चीनच्या ताइत्सुंग बादशहाने ती शिकून घेण्यासाठी मगधाकडे माणसे धाडली होती. पुढे अरबांनी ऊस भूमध्य समुद्रापर्यंत नेला. आपल्या शेजारचे भोजपुरी बांधव साखरेला 'चीनी' म्हणतात आणि खडीसाखरेला 'मिस्री', म्हणजे चीन आणि मिसर हे दोन देश रोज त्यांच्या चहात विरघळतात! आपले काही लोक मात्र येथेच थांबतात. "पाहा, सगळे आपलेच होते," असे म्हणून पागोटे सरळ करतात. मला ते पटत नाही. साखर आपली होती हे खरे, पण आज आपल्या बेटावरच्या कारखान्यात जी साखर होते ती कशी होते, हे विचारले की तेच लोक गप्प बसतात.

जुन्या पद्धतीत रस उघड्या काहिलींत आटवीत. मोठ्या काहिलीतून लहान काहिलीत, तेथून आणखी लहान काहिलीत, असा उकळता रस लांब दांड्याच्या पळ्यांनी ओतायचा. खाली जाळ, वर वाफ, आणि मध्ये माणसे. अनेक देशांत ती माणसे गुलाम होती. रस जितका दाट, तितकी त्याची उकळी चढत्या उष्णतेवर येते. मग साखर करपते, काळी पडते, बरीचशी मळीतच जाते. शिवाय जळण बेसुमार लागते.

यावरचा उपाय साखरवाल्यांना सुचला नाही. त्याचे मूळ एका साध्या तक्रारीत होते: इटलीतले पंप विहिरीतून सुमारे दहा मीटरपेक्षा वर पाणी का ओढत नाहीत? १६४३ साली तोरिचेल्लीने पाण्याऐवजी पारा घेऊन दाखवले की वरच्या हवेचे वजनच तो सुमारे ७६ सेंटीमीटर उंच धरून ठेवते. हवेला वजन आहे म्हटल्यावर ती काढून टाकता येईल काय, हा पुढचा प्रश्न. जर्मनीत गेरिकेने हवा उपसण्याचा पंप केला, इंग्लंडमध्ये बॉइल आणि हुक यांनी तो सुधारला. त्या पंपाखाली ठेवलेले कोमट पाणी चुलीवाचून उकळू लागले! बॉइलच्या हाताखाली देनी पापें नावाचा फ्रेंच गृहस्थ होता. त्याने उलट केले, वाफ कोंडली, आणि १६७९ मध्ये झाकण घट्ट बसणारे भांडे बनवले. आपल्या स्वयंपाकघरात शिट्ट्या मारणारा प्रेशर कुकर तो हाच. कुकर आणि साखर कारखान्यातील निर्वात भांडे ही एका घरातली दोन भावंडे आहेत. एकात दाब वाढवून उकळी वर न्यायची, दुसऱ्यात दाब कमी करून ती खाली आणायची.

पुढे ग्लासगोत जोसेफ ब्लॅकने मोजले की पाणी गोठणबिंदूपासून उकळीपर्यंत नेण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून अधिक उष्णता उकळत्या पाण्याची वाफ करण्यात 'गुप्त' होते. वॅट त्याचा मित्र. मात्र ब्लॅकच्या सिद्धांतावरून आपल्याला इंजिन सुचले असे नाही, हे वॅटने पुढे स्वतःच सांगितले. धागे असे सरळ नसतात, हेही मुलांना सांगितले पाहिजे. १८१३ च्या सुमारास एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनज्ञाने हवा काढलेल्या बंद भांड्यात साखर आटवली. ती कमी उष्णतेवर उकळली आणि करपली नाही.

आणि आता ज्याचे नाव मी कोणत्याही तक्त्यावर पाहिले नाही, तो माणूस. नोर्बेर रिल्यो. जन्म १८०६, न्यू ऑर्लिन्स. बाप गोरा मळेवाला, आई आफ्रिकी वंशाची. पॅरिसला शिकला, तेथेच शिकवू लागला. त्याने ब्लॅकची गुप्त उष्णता आणि हॉवर्डचे भांडे एकत्र आणले. पहिल्या भांड्यातल्या रसाची जी वाफ होते ती फुकट का दवडायची? तिनेच दुसरे भांडे तापवा, फक्त त्यातला दाब आणखी कमी ठेवा, म्हणजे कमी उष्णतेवरही रस उकळेल. दुसऱ्याच्या वाफेने तिसरे. एकाच्या जळणात जवळजवळ तिघांचे काम! १८४३ मध्ये त्याला पेटंट मिळाले, १८४६ मध्ये सुधारलेल्या यंत्राचे दुसरे. त्याच्या यंत्राने लुइझियानाचे मळेवाले श्रीमंत झाले, पण त्याच्या रंगाच्या माणसांवरचे निर्बंध तेथे वाढतच गेले. तो पॅरिसला परतला आणि १८९४ मध्ये तेथेच वारला. त्याच १८४० च्या दशकात मुंबई बंदरातून आपली कोकणची माणसे गिरमिटावर या बेटावर उतरत होती.

रिल्योची युक्ती साखरेपुरती राहिली नाही. आखाती देशांत समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या कित्येक कारखान्यांत भांड्यांची तीच रांग आहे. हॉवर्डच्या भांड्याच्याच तत्त्वावर बॉर्डेनने १८५६ मध्ये दूध आटवण्याचे पेटंट घेतले आणि ते डब्यात घातले. आणि आपल्याकडे रस आटवायला जळण कमी लागते म्हणूनच उसाचे चिपाड उरते आणि त्यातून वीज होते. घरी दिवा लागतो त्यात थोडा रिल्यो आहे.

माझा आजा कारखान्यात साखर शिजवण्याच्या खात्यात होता. कागदोपत्री मजूर. लाकूपच्या दिवसांत रात्रपाळीहून आला की त्याच्या अंगाला गोड करपट वास येई. निर्वात भांड्यातून सळीने थोडा पाक काढायचा, काचेवर पसरायचा, दिव्यासमोर धरून दाणे धरले की नाही ते पाहायचे. क्षणभर उशीर झाला तर दाणे एकमेकांना चिकटत. आजी लाडवांसाठी एकतारी पाक दोन बोटांत ओढून बघायची, तेव्हा तो हसून म्हणायचा, "अगं, तू माझ्याच खात्यात शोभशील." त्याचे हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नाही. कारखाना बंद झाला, आजा गेला, आणि आम्ही शिकल्यासवरलेल्या नातवंडांनी त्याला एकदाही नीट विचारले नाही.

या बेटावर एके काळी शेकडो कारखाने होते, आज बोटांवर मोजण्याइतके आहेत. त्यांतून निवृत्त झालेले आपले वृद्ध अजून गावोगाव आहेत. माझे म्हणणे शिक्षक बांधवांना एवढेच की तो तक्ता भिंतीवरून काढा, किंवा निदान त्याच्यापुढे या माणसांना उभे करा. तोरिचेल्लीचा पारा आणि पाक पसरलेली काच एकाच तासात शिकवता येतात. वेळ नाही असे कुणी सांगेल. जोड्या लावण्यात जातो तोच वेळ.

त्या मुलीला मी अजून उत्तर दिलेले नाही. पुढच्या आठवड्यात आमच्या गावचे एक आजोबा वर्गात येणार आहेत. तीस वर्षे त्यांनी साखर शिजवली. येताना काय आणू, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, ती काच असेल तर आणा. ते म्हणाले, "आहे ना, बाई. कपाटात जपून ठेवली आहे."