फोन कानाला नव्हे, कानामागे



आमच्या थोरल्या वहिनी तापात ठार बहिऱ्या झाल्या. पुढे शस्त्रक्रिया करून कॉक्लिअर इम्प्लांट बसवले. समोरचे बोलणे कळू लागले, पण फोन वाजला की त्या तो दुसऱ्याच्या हाती देत.

चूक फोन धरण्यात होती. आपण फोन कानाच्या भोकाशी लावतो. या यंत्राचा मायक्रोफोन मात्र कानामागे, वरच्या बाजूला असतो. फोन तिथे न्यायचा. नवी यंत्रे ब्लूटूथने थेट मोबाईललाही जोडता येतात.

तरी अडचण उरतेच. साध्या फोनवरून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज जातो. 'स'ची सळसळ बरीचशी त्याच्या वरची, ती वाटेतच सांडते. गेल्या साली कांद्याचा भाव 'आठशे' ऐकून वहिनींनी गाडी भरली; बाजारात कळले, सातशे! घरात दोन दिवस अबोला. तेव्हापासून त्या व्यापाऱ्याला विचारतात, "पाच, सहा, सात, त्यातला सात ना?" तो हसतो, पण नीट सांगतो.

सराव सासरी असलेल्या लेकीने करून घेतला. रोज संध्याकाळी फोन, विषय आधी ठरलेला. आज दूध, उद्या पाऊस. अशा माणसाशी ओरडून बोलू नका हो, शब्द फाटतात. सावकाश बोला, न कळल्यास वाक्य बदलून सांगा.

परवा लेक न ठरवताच म्हणाली, "आई, मी उद्या येतेय."

वहिनींनी लगेच विचारले, "सातच्या गाडीने की आठच्या?"