मोजणारा कोण, हिशेब कोणाला?

विकासाच्या क्षेत्रात ‘मूल्यमापन’ हा शब्द आता परवलीचा झाला आहे. परदेशी साहाय्याचा पैसा जेथे जातो, तेथे त्याच्यामागोमाग तक्ते, निर्देशांक आणि अहवालही जातात. १९७० च्या सुमारास अमेरिकेच्या ‘यूएसएड’ने रूढ केलेली ‘लॉगफ्रेम’ची चौकट पुढे जगभर पसरली. खर्चाचा हिशेब मागणे मुळीच गैर नाही. पण मोजणारा कोण आणि हिशेब द्यायचा कोणाला, या प्रश्नाचे काय?

नाशिक जिल्ह्याला या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीपासून ठाऊक आहे. बागलाणातील मोसम आणि आरम नद्यांच्या काठी फड पद्धती शतकानुशतके नांदली. बंधाऱ्याचे पाणी पाटाने फडांत यायचे. पाटकरी ते वाटायचा, जागल्या पिकांवर नजर ठेवायचा. त्यांचे वेतन गावकरीच देत. नदीला पाणी कमी असले, तर कमी फड भिजत. पण तूट सर्वांनी मिळून सोसायची, हा दंडक होता. तेथे अहवाल नव्हता, पण हिशेब चोख होता. कारण चूक झाली, तर जाब विचारणारा शेजारच्याच बांधावर उभा असे.

हाच संस्कार वाघाड प्रकल्पावर नव्या रूपात दिसला. दिंडोरी तालुक्यातील या धरणाचे पाणी कालव्याच्या शेवटच्या टोकाला, ओझरच्या शिवारात, पुरेसे पोहोचत नव्हते. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने शेतकऱ्यांना संघटित केले. पाणी वापर संस्था स्थापन झाल्या. पाणी घनमापनाने मोजून घ्यायचे, त्याची पट्टी भरायची आणि वाटप आपणच करायचे, असे ठरले. पुढे संपूर्ण लाभक्षेत्रात अशा चोवीस संस्था उभ्या राहिल्या. विचारांचे मतभेद असले तरी समाजाने स्वतःच्या बळावर उभे केलेले हे काम गौरवास पात्र आहे.

२००५ साली महाराष्ट्राने सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांचा सहभाग कायद्याने मान्य केला. त्याच वर्षी जागतिक बँकेने राज्याच्या जलक्षेत्र सुधार प्रकल्पासाठी ३२ कोटी ५० लाख डॉलरचे कर्ज मंजूर केले. किती संस्थांची नोंदणी झाली, किती कालवे दुरुस्त झाले, हे मोजणे सोपे असते. टोकाच्या शेतात पाणी वेळेवर पोहोचले का, हे मोजणे कठीण. पण खरे यश तेच. नोंदणीचा आकडा हेच उद्दिष्ट ठरले की संस्था कागदावर जन्मतात आणि कागदावरच राहतात. २०१२ साली राज्याच्या सिंचनाच्या आकड्यांवरून वादळ उठले आणि नोव्हेंबरमध्ये सरकारला श्वेतपत्रिका काढावी लागली. निर्माण झालेली क्षमता आणि प्रत्यक्ष भिजलेली जमीन या दोहोंतील अंतर तेव्हा सर्वांना दिसले.

२००३ च्या अर्थसंकल्पात जसवंतसिंह यांनी अनेक देशांकडून होणारे द्विपक्षीय साहाय्य यापुढे न घेण्याचे धोरण जाहीर केले. तो स्वाभिमानाचा निर्णय होता. परंतु केवळ दाता बदलल्याने स्वावलंबन येत नाही. आपल्या कामाची कसोटी आपणच लावू लागलो, तर ते येते.

ही कसोटी आपल्यालाही चुकलेली नाही. बैठकीत वृत्त देताना सेवाप्रकल्पांची संख्या आपण उत्साहाने सांगतो. पण अभ्यासिकेत येणारा मुलगा पुढे शाळेत टिकला का, बचत गटातील भगिनी सावकाराच्या विळख्यातून सुटली का, हे आपण त्याच तळमळीने विचारतो का? संख्या हे साधन आहे, साध्य नव्हे.

म्हणून पुढच्या वृत्तात एक प्रश्न जोडावा : ज्यांच्यासाठी हे काम, ते त्याला किती गुण देतील? ओझरच्या शेतकऱ्याने आपले पाणी स्वतः मोजून घेतले, तसे समाजाने आपले काम मोजावे. त्या मापात उतरलो, तरच सेवा सार्थकी लागली असे म्हणता येईल.