डोक्यातली गाठ आणि बिनचाकूचं ऑपरेशन : जमीन विकण्याआधी

‘डोकं न उघडता गाठ काढतात, दुसऱ्या दिवशी पेशंट घरी.’ हे वाक्य आता खेडोपाडी पोचलं आहे. कुणी मुंबईच्या पाहुण्याकडून ऐकतं, कुणी तालुक्याच्या चौकातल्या फलकावर वाचतं. शेतकरी बंधूंनो, यातलं निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं माहीत नसलं तर जमीन गहाण पडते आणि दुखणं तिथल्या तिथं राहतं.

पहिली गोष्ट, गाठ काढत नाहीत. रेडिओसर्जरी या उपचारात गाठ जागेवरच राहते. किरणांनी तिची वाढ थांबवायची, हा त्यातला हेतू. मोकाट पाणी देणं वेगळं आणि ठिबकनं नेमकं मुळाशी देणं वेगळं, तसा हा प्रकार. गामा नाईफ यंत्रात कोबाल्टच्या सुमारे दोनशे स्रोतांतून बारीक किरण निघतात. एकेकटा किरण कमजोर, वाटेतल्या मेंदूला फारसा धक्का लावत नाही. सगळे एका ठिपक्यावर मिळतात तिथं मात्र मात्रा जबर होते. डोकं केसभरही हलू नये म्हणून भूल देऊन चार पिनांनी चौकट बसवतात किंवा घट्ट मुखवटा लावतात. सुरी कुठंच नाही, ‘नाईफ’ नुसता नावाला. लिनॅक नावाच्या यंत्रावर आणि सायबरनाईफवरही हेच काम होतं. यंत्राच्या नावावर भाळू नका, ते चालवणारे हात बघा.

ही कल्पना स्वीडनच्या लार्स लेक्सेल या डॉक्टरांनी १९५१ साली मांडली. आपल्याकडे १९९७ साली मुंबईचं हिंदुजा रुग्णालय आणि दिल्लीचं एम्स इथं गामा नाईफ आलं. म्हणजे उपचार नवा नाही, आपल्या कानावर उशिरा आला इतकंच.

आता हा उपचार कुणाला लागू पडतो ते बघा. गाठ साधारण तीन सेंटिमीटरच्या आतली हवी आणि तिचा मेंदूवर फार दाब नको. कानाच्या नसेवरची साधी गाठ, मेंदूच्या आवरणावरची छोटी गाठ, रक्तवाहिन्यांचा जन्मजात गुंता, दुसरीकडच्या कॅन्सरचे मेंदूत पसरलेले मोजके ठिपके, अशांना याचा चांगला उपयोग होतो. आणखी एक दुखणं आहे, चेहऱ्याच्या एका बाजूला वीज चमकावी तशी कळ येण्याचं. दात दुखतोय समजून माणसं एकामागून एक चांगल्या दाढा उपटून घेतात आणि कळ तशीच राहते. ते नसेचं दुखणं असतं. त्याला आधी गोळ्या देतात, त्यांनी भागलं नाही तर ऑपरेशन किंवा हे किरण.

गाठ मोठी असेल, डोकं फुटेल असं दुखत असेल, उलट्या होत असतील, नजर अंधूक होत असेल, तर थांबायला वेळ नसतो. तिथं उघडून ऑपरेशनच लागतं. किरणांचा परिणाम दिसायला महिने जातात. रक्तवाहिन्यांचा गुंता बंद व्हायला दोन-तीन वर्षं लागतात आणि तोवर रक्तस्रावाचा धोका राहतो. मेंदूतच उपजणारा, मुळं पसरणारा जहाल कॅन्सर असेल तर ठरलेला रस्ता म्हणजे ऑपरेशन, मग सहा आठवडे रोजचे किरण आणि गोळ्या. त्या उपचारांना सुरुवातीलाच रेडिओसर्जरीची जोड दिली तर आयुष्य वाढतं का, हे एका मोठ्या चाचणीत तपासलं गेलं. २००४ साली निकाल आला : वाढत नाही. तरी ‘शेवटचा उपाय’ म्हणून कुणी तुम्हाला हेच सुचवलं, तर शेत विकण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्याच.

आणि एक आपल्या गावाकडचंच. आकडी आली, स्कॅनमध्ये ठिपका दिसला, की घरात ‘ट्यूमर’ म्हणून रडारड सुरू होते. आपल्या देशात असा लहानसा ठिपका कितीदा तरी पट्टकृमीच्या अळीचा निघतो. माणसाच्या विष्ठेतून तिची अंडी पाण्यात, न धुतलेल्या भाजीत आणि तिथून पोटात जातात. मांस न खाणाऱ्यालाही हे होतं. कधी तो ठिपका क्षयाचा असतो. दोन्हींना औषधं आहेत, रेडिओसर्जरीचं काम नाही. हागणदारीमुक्तीची पाटी लावून मोकळ्या झालेल्या ग्रामपंचायतींनी हा मुद्दा जरा सावकाश वाचावा.

पैशाचं बोलू. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय २०२३ साली झाला. पण योजना आहे म्हणजे प्रत्येक रुग्णालयात प्रत्येक उपचार फुकट, असं नव्हे. यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला गाठा, नेमका हा उपचार बसतो का विचारा, आणि पूर्वमंजुरी हातात आल्याशिवाय अनामत भरू नका. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तलाठी, ग्रामसेवक, सरपंच मंडळींनी (तलाठ्यांचं नाव आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालंय, काम तेच) असा अर्ज आला की तो त्याच दिवशी पुढं सरकवावा. रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही, एवढ्यावरून माणसं मुंबईच्या फुटपाथवर रात्री काढतात.

डॉक्टरांना विचारायचं ते असं : गाठ कसली, किती मोठी, नुसतं लक्ष ठेवून चालेल का, ऑपरेशन का नको, आणि नंतर सूज आली तर कुठं दाखवायचं? शेवटचा प्रश्न विसरू नका. काहींना काही महिन्यांनी सूज येते, मग पुन्हा डोकेदुखी, आकडी, स्टेरॉइडच्या गोळ्या. त्या गोळ्या मनानं एकदम बंद करायच्या नसतात.

पुढं काही वर्षं ठरावीक काळानं एमआरआय करावा लागतो. तो खर्च आणि मुंबईच्या खेपा सुरुवातीलाच हिशेबात धरा. पहिली फिल्म आणि सीडी जपून पेटीत ठेवा. गाठ वाढली की थांबली, हे जुन्या फिल्मशेजारी नवी धरल्याशिवाय डॉक्टरांनाही सांगता येत नाही.