दादाचं टार्गेट

टार्गेट, अप्रेझल, रिव्ह्यू... हे शब्द म्हणजे तुम्हा क्युबिकलवाल्यांची मक्तेदारी, असं मला वाटायचं. (फ्रीलान्सर असण्याचा तेवढाच एक फायदा!) पण गेल्या रविवारी मावसभाऊ जेवायला आला. ऑर्थोपेडिक सर्जन, पुण्यातल्या एका चकाचक हॉस्पिटलशी अटॅच्ड. ताटावर बसल्या बसल्या म्हणाला, ‘‘उद्या माझा रिव्ह्यू आहे.’’

डॉक्टरचा कसला रिव्ह्यू? पेशंट बरे होतात की नाही, त्याचा? दादा हसला. मोठ्या हॉस्पिटलांत बरेच कन्सल्टंट पगारी नसतातच. त्याला सुरुवातीला ‘मिनिमम गॅरंटी’ मिळाली, म्हणजे पेशंट कमी आले तरी महिन्याला ठरलेली रक्कम. आता ती मुदत संपत आलीय. ओपीडीतल्या किती जणांचं ऑपरेशन झालं, त्याचा हिशोब मांडला जाणार. याला म्हणे ‘कन्व्हर्जन’ म्हणतात. क्रेडिट कार्ड विकणाऱ्याच्या तोंडी शोभेल असा शब्द!

मी लगेच हॉस्पिटलला व्हिलन ठरवून मोकळी झाले. पण दादाच म्हणाला, त्यांच्याही मानेवर कुणीतरी बसलेलं असतंच. गुंतवणूकदार, मशीनची कर्जं, बिलं अडवणाऱ्या विमा कंपन्या. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमती बांधल्या. सर्रास वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा इम्प्लांट सरासरी दीड लाखाच्या पुढे होता, तो ५४,७२० रुपये अधिक जीएसटीवर आला. पेशंटसाठी झकास! पण तिथलं मार्जिन गेलं, की ते दुसरीकडून भरून काढायचं प्रेशर येतं, आणि ते घरंगळत येतं दादाच्या टेबलावर.

हे त्याचं एकट्याचं रडगाणं नाही. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांना बोलतं केलं होतं. त्यांचं ‘डिसेंटिंग डायग्नोसिस’ २०१६ मध्ये आलं. त्यातही असंच बरंच काही आहे.

आई पोळी वाढता वाढता सगळं ऐकत होती. जिना उतरताना तिचे गुडघे कुरकुरतात. म्हणाली, ‘‘अरे, मग माझाच गुडघा कर की! तुझा एक आकडा तरी वाढेल.’’

दादाने खरंच हात धुतले, तिला खुर्चीत बसवून गुडघा वाकवून पाहिला. ‘‘मावशी, काही वर्षं तरी याला हात लावायचा नाही. मांडीचे व्यायाम कर, वजन उतरव.’’

‘‘आणि उद्या काय सांगणारेस?’’ मी विचारलं.

‘‘फ्लॅटचा हप्ता पाच तारखेला असतो गं,’’ एवढंच म्हणाला, आणि आमटीची वाटी पुढे केली.